बिऱ्हाड : पाठीवरचं आणि पोटातलं

मराठी माणूस प्रवासाला निघतो तेव्हा खरं म्हणजे त्याचं सामान निघतं; तो सोबतीला जातो. आपल्या भाषेनंच याची साक्ष देऊन ठेवली आहे. चंबूगबाळं, बाडबिस्तरा, बोचकं, गाठोडं, वळकटी, पडशी, पथारी असे सामानाला ढीगभर शब्द. पण 'प्रवास' हा शब्द आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला आणि 'सफर' अरबीतून फारसीमार्गे आली. सामान घरचं, प्रवास उसना!

या साऱ्या प्रवाशांत मला सर्वांत शहाणा वाटतो तो विंचू. त्याचं बिऱ्हाड पाठीवर. त्याला कुणी रांगेत उभं करून 'हे आत टाकणार की बरोबर नेणार?' असं विचारत नाही. माणसाला विचारतात. विमानतळावर सामानाच्या दोन जाती असतात. एक विमानाच्या पोटात जाणारं आणि दुसरं हातात राहणारं. पोटात गेलेलं सामान उतरल्यावर फिरत्या पट्ट्यावर येतं, म्हणजे यावं अशी अपेक्षा असते. हातातलं हातात असतं. देशातल्या साध्या तिकिटावर बहुधा पोटातलं पंधरा किलो आणि हातातलं सात. आता कुठली वस्तू कुठल्या जातीत घालायची, या प्रश्नावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी मुलीच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

निमित्त होतं केनियाच्या सफारीचं. मी, सौभाग्यवती आणि माझे थोरले बंधू अण्णा, असे तिघं मसाई माराला सिंह बघायला जाणार होतो. प्रवासी कंपनीचं पत्रक आलं. नैरोबीपर्यंत मोठं विमान, काळजी नाही. पुढे मात्र छोटं विमान, आणि त्यात माणशी सामान १५ किलो. हातातली पिशवीही त्यातच धरायची. बॅग मऊ हवी. कडक सुटकेस चालणार नाही. शक्यतो चाकंही नकोत.

मऊ बॅग! आणि हे सांगता कुणाला? नाशिककराला?

बाहेरच्या लोकांना नाशिक म्हटलं की द्राक्षं आठवतात, रामकुंड आठवतं, चिवडा आठवतो. पण गेल्या काही दशकांत या जिल्ह्यानं सुटकेसी जेवढ्या घडवल्या तेवढ्या क्वचितच कुणी घडवल्या असतील. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि सिन्नरजवळ माळेगावला व्हीआयपीचे कारखाने उभे राहिले. १९९० च्या दशकात सॅमसोनाइट भारतात आली आणि तिनं इगतपुरी तालुक्यातल्या गोंद्याला कारखाना टाकला. मुंबईहून येताना घोटी ओलांडली की तो भाग लागतो. म्हणजे जगातल्या कितीतरी विमानतळांवरच्या पट्ट्यांवर आमच्या जिल्ह्याचं लेकरू गोल गोल फिरत असतं आणि त्याला ओळखणारं कुणी नसतं. आमच्या कपाटावर अशा चार बॅगा आहेत. मोठीवर मधली, मधलीवर धाकटी अशी उतरंड. साऱ्या कडक, साऱ्या लग्नाकार्यात आलेल्या.

"अहो, घरात चार बॅगा असताना पाचवी आणायची?" सौभाग्यवतींनी विचारलं. या प्रश्नाला जगात उत्तर नाही. बॅगा भरायला सुरुवात झाली की नवऱ्याला करण्यासारखं एकच काम उरतं, ते म्हणजे इतिहासाचा अभ्यास. मी तो सुरू केला.

आणि काय सांगू! पोटात की हातात, हा प्रश्न विमानाच्या कितीतरी आधीचा निघाला.

शिवाजी महाराजांच्या फौजेची गोष्ट घ्या. फौज पावसाळा संपला की बाहेर पडायची आणि पुढच्या पावसाळ्यापूर्वी परतायची. सभासदाच्या बखरीत या फौजेचे नियम दिले आहेत. बायका, बटकी, कलावंतिणी फौजेबरोबर न्यायच्या नाहीत. निघताना लहानथोर प्रत्येकाच्या चीजवस्तूंची यादी करायची. परतल्यावर झडती घ्यायची, आणि यादीपेक्षा जास्त काही निघालं तर त्याचा हिशोब पगारातून वळता करायचा. आता विमानतळावर उतरल्यावर जकातवाले बॅग उघडायला सांगतात तेव्हा आपण कपाळाला आठ्या घालतो. त्यांनी ही रीत साहेबाकडून घेतली असं आपल्याला वाटतं. साहेबाची गरज नव्हती हो!

त्यातही आमच्या जिल्ह्यातला प्रसंग तर नेमका सामानाचाच आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली आणि ते बागलाणातून परत निघाले. बरोबर लूट, म्हणजे जड सामान. वाटेत वणी-दिंडोरीच्या बाजूला दाऊदखान कुरेशी मोगल फौज घेऊन आडवा आला. आता काय करायचं? सामान सांभाळत लढायचं, की सामान टाकून पळायचं? महाराजांनी तिसराच मार्ग काढला. लूट एका तुकडीबरोबर पुढे काढून दिली आणि स्वतः मागे राहून मोगलांना तोंड दिलं. लढाई जिंकली आणि सामान सुखरूप पोचलं. सामान एका वाटेनं आणि आपण मागून, असं असूनही दोघंही ठरल्या ठिकाणी पोचल्याचं हे उदाहरण. ते मी सौभाग्यवतींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांचं सामान न्यायला त्यांची माणसं होती. आपलं न्यायला कोण आहे?"

हे वाक्य मी त्या वेळी कानाआड केलं. पण पुढचा सगळा इतिहास वाचताना ते माझ्या मानगुटीवर बसून राहिलं.

कारण पुढे नव्वद वर्षांनी तीच मराठी फौज उत्तरेला निघाली तेव्हा सामानाचं पारडं फिरलं होतं. १७६० मध्ये भाऊसाहेब पेशवे निघाले ते लढायला. पण त्यांच्याबरोबर तीर्थयात्रेला निघालेले होते, कुटुंबकबिले होते, बाजार होता, आणि ज्यांना आपण आजही शिवीसारखं 'बाजारबुणगे' म्हणतो ते होते. जड सामान आणि बायकामुलं मागे सुरक्षित किल्ल्यात ठेवावीत आणि हलक्या फौजेनं पुढे जावं, असा सल्ला सूरजमल जाटानं दिल्याचं सांगतात. म्हणजे 'हे पोटात टाका, हातात ठेवू नका' असाच तो सल्ला. तो मानला गेला नाही. पानिपतावर अन्न तुटलं तेव्हा खाणारी तोंडं लढणाऱ्या हातांपेक्षा कितीतरी जास्त होती. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं ते प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्याची एवढी एकच कारणमीमांसा नाही, हे मलाही कळतं. पण ज्याला सामानापासून वेगळं होता येत नाही त्याला वाट बदलता येत नाही, एवढा धडा त्यात आहेच. 'खोगीरभरती' हा शब्द मराठीत उगाच आला नाही.

पुढे आगगाडी आली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे, १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरी. नाशिकचं स्टेशन झालं ते गावापासून चांगलं आठनऊ किलोमीटर दूर. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टेशन ते गाव अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. डोळ्यांसमोर आणा. पत्र्याची ट्रंक, होल्डॉल, फिरकीचा तांब्या, कडीचा डबा, लोणच्याची बरणी आणि गंगेवर श्राद्धाला आलेलं एक अख्खं कुटुंब. आणि हे सगळं ओढणारे घोडे. ट्राम बंद का पडली याची आर्थिक कारणं इतिहासात असतील. माझा संशय आहे की घोड्यांचं मतही विचारात घ्यायला हवं.

रेल्वे मात्र सामानाच्या बाबतीत उदार. आजही पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात ७० किलो फुकट नेता येतं, दुय्यम वर्गात ३५. ज्याला पैशाची अडचण कमी त्याला फुकट जास्त. जगाचा हा जुना न्याय रेल्वेनं किलोत मांडून दाखवला, एवढंच. आणि हे ७० किलो उचलायला कोण? तर लाल डगला घातलेला, दंडाला पितळी बिल्ला बांधलेला हमाल. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर ट्रंक, ट्रंकेवर होल्डॉल, खांद्याला पिशवी. आणि मागे आपण मोकळ्या हातांनी, 'अहो, हळू' म्हणत.

इथून मी आफ्रिकेत शिरलो, आणि मला तिथेही हाच माणूस भेटला.

'सफारी' हा स्वाहिली शब्द आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ. दोघंही अरबी 'सफर'चे. त्याचा अर्थ नुसता प्रवास. त्यात सिंह नंतर शिरले. आपल्याकडे तो १९७० च्या दशकात कपड्याच्या रूपानं आला. सफारी सूट शिवला नाही असा हेडक्लार्क त्या काळी शोधावा लागला असता. मूळ सफारी मात्र पायी असे, आणि सामान हमालांच्या डोक्यावर असे. एका हमालाचं ओझं साधारण ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट एप्रिल १९०९ मध्ये मोंबासाला उतरले. त्यांच्या काफिल्यात दोन-अडीचशे हमाल होते. प्राण्यांची कातडी खारवायला चार टन मीठ होतं. वाचायला पुस्तकं हवीत म्हणून डुकराच्या कातड्यात बांधून घेतलेलं एक छोटं ग्रंथालय होतं. त्याचं वजन साठ पौंडांच्या आत बसवलेलं, म्हणजे एका हमालाचं ओझं. साहेब वाचणार शेक्सपिअर, आणि मान दुखणार कुणाची तर ज्याला तो वाचता येत नाही त्याची!

रूझवेल्ट मोंबासाहून आत गेले ते रेल्वेनं. इंजिनाच्या पुढच्या तोंडावर बाक लावून त्यांना बसवलं होतं, जनावरं नीट दिसावीत म्हणून. ज्या रुळांवरून ते गेले ते आपल्याच लोकांनी टाकलेले. १८९६ ते १९०१ या काळात युगांडा रेल्वेच्या बांधणीसाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून अधिक मजूर नेले गेले. जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले. त्सावोच्या दोन नरभक्षक सिंहांनी १८९८ मध्ये खाल्लेल्यांची गोष्ट जगभर सांगितली जाते. तापानं आणि जुलाबानं खाल्लेल्यांची सांगत नाहीत, कारण तापाचा फोटो काढता येत नाही.

आणि मग पहिलं महायुद्ध. पूर्व आफ्रिकेत वाटा नाहीत, घोड्या-बैलांना त्सेत्से माशी जगू देत नाही. तेव्हा इंग्रजांच्या फौजेचा दाणागोटा आणि दारूगोळा वाहिला तो आफ्रिकी माणसांनी, डोक्यावरून. 'कॅरिअर कोअर' म्हणत त्या दलाला. त्यांतले हजारो गेले, गोळीनं कमी आणि भुकेनं, रोगानं जास्त. नैरोबीतल्या एका वस्तीला आजही 'कारिओकोर' म्हणतात. 'कॅरिअर कोअर'चाच तो उच्चार. दार-ए-सलाममधलं 'कारिआको'ही तेच. गावाचं नाव हमालांवरून पडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. राजे, सेनापती, साधुसंत यांच्या नावांची गावं शेकड्यांनी आहेत.

इथे माझा अभ्यास थांबला आणि सौभाग्यवतींचं ते वाक्य मानगुटीवरून उतरून समोर येऊन बसलं. आपलं न्यायला कोण आहे? सामानाचा सगळा इतिहास या एका प्रश्नाचा आहे. सामान किती घ्यायचं हे ठरतं ते प्रवास किती दिवसांचा यावर नव्हे, तर ते कुणाच्या डोक्यावर जाणार यावर.

नाही पटत? मग हे बघा. चाकाचा शोध लागून पाच हजार वर्षं तरी झाली. बॅगाही जुन्याच. पण दोघांची नीट गाठ पडायला १९७० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी बर्नार्ड सॅडो नावाच्या अमेरिकन माणसाला विमानतळावर ते सुचलं, आणि १९७२ मध्ये त्यानं पेटंट मिळवलं. सुरुवातीला दुकानदार ती बॅग ठेवायलाच तयार नव्हते. चाकाची बॅग पुरुष ओढणार नाहीत म्हणे! आज आपण ओढतो ती उभी, दांड्याची बॅग १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकानं काढली. मधली पाच हजार वर्षं माणसाला चाक सुचलं नाही, याचं मला एकच कारण दिसतं. दुसऱ्याचं डोकं स्वस्त होतं तोवर चाकाची गरजच नव्हती. स्वतःचा हात दुखला तेव्हा शोध लागला.

मग चाकं आली आणि लाल डगल्याच्या पोटावर पाय आला. नाशिकरोडला एका वयस्क हमालाला मी एकदा विचारलं, "काय हो, या चाकांमुळे तुमचं कसं?" तो हसून म्हणाला, "साहेब, चाकं सपाटीवर चालतात. जिना आला की माणूस आठवतो."

मसाई माराच्या छोट्या विमानाला जिनाही नाही आणि हमालही नाही. धावपट्टी मातीची. विमान दहा-बारा माणसांचं. त्याच्या पोटाखाली सामानाची एक अरुंद पेटी असते. तिच्यात मऊ बॅग दाबून, मुडपून बसते. आमच्या जिल्ह्याचं कडक लेकरू बसत नाही. वजनाचा हिशोब ग्रॅमाग्रॅमाचा, कारण विमानाला माणसाचं वजन आणि लोणच्याचं वजन यांत फरक कळत नाही. आज तिथे साठ पौंडांची हद्द नाही, पंधरा किलोंची आहे, आणि ती आपल्याच हातातली आहे. हा न्याय मला इतिहासाच्या मानानं फारच बरा वाटला.

अखेर पाचवी बॅग आली, माणशी एक. वाटणी ठरली. लोणचं, ठेचा, कात्री, अडकित्ता हे पोटात. हातात नेलं तर सुरक्षावाले काढून घेणार. मोबाइलचा पॉवर बँक हातात. तो पोटात चालतच नाही. पासपोर्ट हातात. पीतज्वराच्या लशीचा दाखला हातात. तो परत येताना दाखवावा लागतो, नाहीतर आपलीच माणसं आपल्याला वेगळं काढून ठेवतात. अण्णांचं इन्सुलिन, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातात. पोटातल्या थंडीनं ते एकदा गोठलं की उपयोगाचं राहत नाही, आणि बॅग चुकून अदिस अबाबाला गेली तर अण्णांची साखर तिच्यासाठी थांबणार नाही. निळेकाळे कपडे घरीच. त्या रंगांवर त्सेत्से माशी येते. अण्णांनी मात्र १९७६ चा आपला टेरिकॉटचा खाकी सफारी सूट काढला. पन्नास वर्षं तो कपाटात सफारीची वाट बघत होता. पोटाला बटण लागत नव्हतं, पण अण्णा म्हणाले, "वर बसलो की कोण बघतंय!"

मग वजनं. घरचा काटा माणसं उभी राहण्याचा. बॅग हातात घेऊन उभं राहायचं आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करायचं. सौभाग्यवतींनी ही रीत साफ नाकारली. त्यांची बॅग मी धरली. अण्णांची भरली साडेसोळा किलो, हातातलं धरून.

दीड किलो कमी करायचं होतं. हातातल्या पिशवीत एक जुनी, काळी, दणकट दुर्बीण होती, तीच किलोभर. सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अण्णा, तिथल्या गाडीत दुर्बीण असते म्हणे."

अण्णा काही बोलले नाहीत. दुर्बीण वहिनींची. दर हिवाळ्यात नांदूरमधमेश्वरला पाखरं बघायला त्या ती घेऊन जायच्या. २०२० मध्ये त्या पाणथळीला रामसरचा दर्जा मिळाल्याचं जाहीर झालं तेव्हा त्यांनी शेजारीपाजारी पेढे वाटले होते, जणू घरातला मुलगा पास झाला. सिंह बघायला आफ्रिकेत जायचं, ही कल्पनाही त्यांचीच. "एकदा लांबून बघायचाय," असं त्या म्हणायच्या. "जवळून चाळीस वर्षं बघतेच आहे." हे ऐकून सर्वांत जास्त हसायचे ते अण्णा. वहिनी गेल्याला तीन वर्षं झाली.

अण्णांनी बॅग उघडली. बुटांचा दुसरा जोड बाहेर काढला, ९०० ग्रॅम. अर्धा किलो चिवड्याची पिशवी काढली. आफ्रिकेच्या इतिहासावरचं माझं छोटं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं, २०० ग्रॅम. दुर्बीण गळ्यात अडकवली आणि काट्यावर उभे राहिले.

"आता बघ रे किती."

चौदा किलो नऊशे ग्रॅम भरलं. मी वजाबाकी दोनदा केली. पाठीवरचं बिऱ्हाड कशाला म्हणायचं हे विंचवाला उपजतच कळतं. आपल्याला त्यासाठी कुणीतरी पंधरा किलोंची हद्द घालून द्यावी लागते.

सौभाग्यवतींनी काट्याकडे पाहिलं, म्हणाल्या, "शंभर ग्रॅम राहतात की!" आणि बाहेर काढलेल्या पिशवीतला मूठभर चिवडा पुडीत बांधून अण्णांच्या खिशात घातला.